तळ्याचा डाट

त्या रविवारी कृष्णरावांनी पेरूची एक डहाळी वाकवली, कानाशी नेली आणि म्हणाले, "अजून नाही."

हे ते दर रविवारी म्हणत. त्यांची लेक कुमुदिनी बांधावर सावली शोधून बसली होती. सावली कसली, फांद्यांची नुसती जाळी. चैत्र अर्धा उलटला होता, रस्त्याकडेच्या कडुनिंबांना कोवळी पालवी आली होती आणि ही बारा बिघ्यांची बाग मात्र पानं टाकून बसली होती. अनोळखी माणसाने पाहिली तर म्हणावं, मेली बिचारी.

मेलेली नव्हती, उपाशी ठेवलेली होती. पेरूला मोकळं सोडलं तर तो वर्षात दोनदा फळतो. पावसाळ्यातलं फळ पाणचट आणि अळ्यांनी भरलेलं, थंडीतलं घट्ट आणि गोड. दोन्ही घेत राहिलं तर झाड काही वर्षांत थकतं. म्हणून माघ सरला की कृष्णराव पाणी तोडत. झाड पानं गाळी, उन्हाळी फुलं गाळी आणि सगळा जीव मुळांत ओढून गप्प राही. मग मृगाच्या आधी त्याला खत आणि पाणी मिळे आणि ते एकाच बहाराला लागे, थंडीच्या. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर बहार फसतो, जास्त झाला तर झाड जातं. नेमका किती द्यायचा, हे कृष्णरावांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

"इकडे ये," ते म्हणाले. "तू वाकव."

तिने पुस्तकात बोट ठेवून डहाळी वाकवली.

"काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही."

"बरोबर. काही म्हणत नाही म्हणजे आत ओल आहे. सुकायला लागली की कुरकुरते." मग तिच्या पुस्तकाकडे बघून म्हणाले, "हे तुझ्या छापखान्यातून नाही यायचं."

सिमरोलच्या अलीकडे, खंडव्याच्या रस्त्यापासून दीड मैल आत ही बाग होती. कुमुदिनीचे खापरपणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. त्यांना मिळालेल्या जमिनीतला एवढाच तुकडा उरला होता, बाकीची वाटण्यांत आणि संस्थान गेल्यावरच्या कायद्यांत गेली. कृष्णराव पेन्शन घेऊन इंदुरात बड्या गणपतीजवळच्या घरात राहत आणि आठवड्यातले चार दिवस इथे. कुमुदिनी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही. रविवारी बापलेक मोटारीने बागेत यायचे, भाकरी आणि लसणाची चटणी खायचे, संध्याकाळच्या मोटारीने परत जायचे.

बागेचा वरचा भाग मुरमाड होता, खालचा काळ्या मातीचा. कृष्णराव चालत वर गेले आणि तिथे उभे राहिले.

"इथला अंदाज मला कधी आला नाही," ते म्हणाले. "मुरमात पाणी टिकत नाही. ही झाडं आधी सोडावी लागतात. किती आधी, ते लक्ष्मणला कळायचं. तो नुसता पायाने माती उकरायचा आणि सांगायचा."

लक्ष्मण म्हणजे बागेचा जुना माळी, गेल्या साली बाग सोडून गेलेला. कुमुदिनीने पुस्तक मिटलं.

"गेल्या साली मी त्याला फार बोललो का गं?"

इतका सरळ प्रश्न त्यांनी तिला आयुष्यात कधी विचारला नव्हता. उत्तर तिच्या जिभेवर होतं. वर्षभर ते तिथेच होतं, रोज सकाळी चूळ भरताना तिला ते जाणवायचं. तिने वडिलांकडे पाहिलं. कपाळावर घाम, पांढऱ्या भुवया उन्हाने आखडलेल्या.

"टोपी घाला, आबा," ती म्हणाली. "ऊन डोक्यावर आलंय."

त्यांनी टोपी घातली.

सोमवारी सकाळी कृष्णराव बूट घालायला खाली वाकले ते पुन्हा सरळ झाले नाहीत. डावा बूट पायात होता, उजव्याची नाडी हातात.

*

दिवाकर त्याच दिवशी रात्रीपर्यंत भोपाळहून आला. तो कुमुदिनीपेक्षा चार वर्षांनी लहान. नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा इंदूरच्या कितीतरी मराठी कारकुनांबरोबर तोही तिकडे गेला होता. मुंडण केल्यामुळे तो लहानपणासारखा दिसत होता आणि त्यामुळे कुमुदिनीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तेरा दिवस तिला घरात बसवेना. माणसं येत, कृष्णरावांच्या गोष्टी सांगत. ती चहा देऊन आत जाई, आतून मागच्या दारी, मागच्या दारातून पुन्हा पुढे. पुस्तक घ्यायची आणि पानाच्या मध्यावर लक्षात यायचं की एकही ओळ डोक्यात शिरलेली नाही. चौथ्या दिवशी ती शेजारच्या इंदुमतीकाकूंना "भाजी घेऊन येते" म्हणून बाहेर पडली आणि थेट खंडव्याच्या मोटारीत बसली. बागेत पोचली, दहा-बारा डहाळ्या वाकवून कानाला लावल्या आणि उलट्या मोटारीने परत आली. सुतकात घराबाहेर पडली म्हणून काकू बोलल्या. तिने ऐकून घेतलं. सातव्या दिवशी पुन्हा गेली.

त्या दिवशी वरच्या मुरमातली एक डहाळी कुरकुरली नाही, सरळ तुटली.

तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं की पिवळं, तिला ठरवता येईना. आबांनी नुसतं बघून सांगितलं असतं. ती एका झाडापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून पहिल्याकडे फिरत राहिली. पाणी सोडावं? वर, बांधामागे तळं होतं, पावसाळ्यात भरून ठेवलेलं, ताण संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं. बांधाच्या पोटात दगडी मोरी आणि मोरीला सागाचा डाट, म्हणजे लाकडी बूच, चिंध्या गुंडाळून ठोकलेला. डाट काढला की पाणी पाटात येई, आणि जमीन अशी उतरती केलेली होती की पाटातून ते आपसूक झाडाझाडाच्या आळ्यात शिरे.

ती डाटापर्यंत गेली आणि त्याला हात न लावता मागे फिरली.

*

बाराव्या दिवशी फळबाजारातला नंदूभिया भेटायला आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, इंदुरातच वाढलेला मराठी माणूस, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी एका ताटात जेवायच्या. त्याने कृष्णरावांच्या तसबिरीला हार घातला आणि मनापासून डोळे पुसले.

"बाबूजींसारखा जाम अख्ख्या मंडीत नव्हता," तो म्हणाला. इंदुरात पेरूला जामच म्हणतात. "त्यांची टोपली आली की मी उभा राहायचो. कसम से."

मग थोडं थांबून तो दिवाकरकडे वळला. "भिया, बात अशी आहे. आज ही बोलण्याची वेळ नाही, पण बाग थांबत नाही. मला पाच साल के लिए ठेक्याने द्या. डिझेलचं इंजिन मी बसवतो, विहीर मी खोल करतो. बारा महिने पाणी, दोन बहार."

"दोन बहार घेतले तर झाडं थकतील," कुमुदिनी म्हणाली.

"दीदी, थकतो तर मी पण. मला कोणी विचारतं का?"

दिवाकर हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"आणि पाच वर्षांनी?" तिने विचारलं.

"तब की तब. जुनी झाली तर काढून टाकू. जमीन तर कुठे पळून जात नाही ना." नंदूभिया वाईट माणूस नव्हता. जे दिसत होतं ते बोलत होता. "तुमच्या बाजूच्या दोन बागा बघा. एकीत आज कपास आहे, दुसरीत विटा पाडतात. मी निदान जाम तरी ठेवतो. फक्त एक सांगतो, आखातीजेला पाणी सोडणार. परवा जाऊन बघून आलो, झाडं प्यासी मरतायत."

तो गेल्यावर दिवाकरने दार लोटलं. आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती.

"ताई, तू शाळेत, मी भोपाळला," तो म्हणाला. "आबा होते म्हणून बाग होती. एवढीशी बाग एका माणसाच्या पायांवर उभी असते. रोज जाणारा माणूस पाहिजे. ती बोलावल्यावर आपल्याकडे येत नाही."

"मी जाईन."

"आणि काय करशील? वाचून दाखवशील?"

हे बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं. त्याने तिच्या बशीत केळ्याची फोड ठेवली. लहानपणी भांडण झालं की तो असंच काहीतरी खायला द्यायचा.

"हे बघ," तो म्हणाला, "मला बाग विकायची हौस नाही. ठेक्याचीही नाही. तू माणूस आण. ज्याला ताण कळतो असा. आखातीजेच्या आत आणलास तर मी नंदूभियाच्या कागदावर सही करत नाही."

"असा माणूस एकच आहे."

"लक्ष्मणकाका?" दिवाकरने भुवया वर केल्या. "गेल्या साली डाट त्यांच्याच हातून सुटला ना? आबांचा अख्खा हिवाळा गेला त्यात." मग खांदे उडवले. "बघ. आले तर आण. आपल्याला कोण दुसरं आहे?"

कुमुदिनी केळ्याची फोड हातात घेऊन बसली. ती खाल्लीही नाही, ठेवलीही नाही.

*

गेल्या साली असंच चैत्राचं ऊन होतं, कदाचित याहून कडक. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या आणि कुमुदिनी चार दिवस बागेतल्या दोन खोल्यांत राहायला आली होती. लक्ष्मण आणि त्याची बायको जनाबाई तिथेच झोपडीत राहत. लक्ष्मणचा खापरपणजोबा तिच्या खापरपणजोबांच्या घोड्याचा मोतद्दार होता. घोडे गेले, पण ही माणसं राहिली होती. कुमुदिनीला झाडावर चढायला लक्ष्मणने शिकवलं होतं, आणि पडल्यावर आबांना न सांगायलाही.

एक दिवस असा आला की सगळेच गेले. कृष्णराव जमिनीच्या कागदासाठी तहसिलीत. लक्ष्मण आणि जनाबाई मानपूरला भाचीच्या लग्नात. निघण्यापूर्वी घाईघाईत लक्ष्मणने डाट ठोकून पक्का केला, कारण मोरीतून थेंब थेंब गळत होतं. कुमुदिनी एकटी उरली. दुपारी नऊ-दहा झाडांखाली एकदम पानं पडायला लागली, वारा नसताना. जमिनीवर आवाज होत होता. ती ते ऐकत बसली होती आणि तिच्या मांडीवर शेतकी खात्याची पुस्तिका होती, शाळेच्या ग्रंथालयात आलेली. तिच्यात छापलं होतं की फळझाडांना उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी द्यावं. सगळ्या फळझाडांना, सगळ्या मुलखांत. खाली चित्र होतं, हसणाऱ्या शेतकऱ्याचं.

तिला वाटलं, आबा म्हातारे झाले, हट्टी झाले. एक पाणी. एका पाण्याने काय होतं?

तिने पहारीने डाट उपटला. पाणी पाटात आलं तेव्हा तिला लहान मुलीसारखा आनंद झाला. ती अनवाणी पाटाच्या कडेकडेने पाण्याबरोबर चालत खालपर्यंत गेली. चार वाजता डाट परत बसवायला गेली तर पाण्याच्या जोराने तो बसेना. कसातरी तिरपा अडकवला. दिवेलागणीला लक्ष्मण परत आला, त्याने तिरपा डाट पाहिला, ओला पाट पाहिला, आणि डाट पुन्हा ठोकून बसवला.

दुसऱ्या दिवशी कृष्णराव आले. आळ्यांतला चिखल पाहून त्यांनी काठी जमिनीत रोवली.

"डाट कोणी काढला?"

"काढला कोणी नाही, रावसाहेब," लक्ष्मण म्हणाला. "तिरपा होता. लग्नाच्या घाईत माझ्याच हातून नीट बसला नसंल."

कृष्णराव कुमुदिनीकडे वळले. "तू इथेच होतीस ना? पाणी वाहताना दिसलं नाही?"

"मी आत वाचत बसले होते," ती म्हणाली.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तीस वर्षं ती आत वाचतच बसत आली होती.

मग ते लक्ष्मणला म्हणाले, "तुझा हात म्हातारा झाला." एवढंच. आवाज चढवला नाही. लक्ष्मणने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटा, मग सुलटा.

दहा दिवसांत बाग फुलांनी पांढरी झाली. श्रावणात फळांनी फांद्या वाकल्या आणि प्रत्येक फळात अळी. नंदूभियाने टोपली उचलून पाहिली आणि गुपचूप खाली ठेवली. थंडीत झाडांवर मोजकं काही आलं. कृष्णराव दर साली पहिल्या तोडणीची एकेक टोपली बड्या गणपतीच्या गल्लीत घरोघर पाठवत, त्या साली कुणाकडे गेली नाही. लोकांनी विचारलं नाही, त्यामुळे त्यांना सांगावंही लागलं नाही.

त्याआधीच आखातीज होऊन गेली होती. माळव्यात त्या दिवशी शेतावरच्या माणसांचं वर्ष बदलतं. कृष्णरावांच्या घरची रीत अशी की मालकाने फेटा आणि गुळाचा खडा द्यायचा. खडा तिथल्या तिथे तोंडात टाकला की पुढचं साल ठरलं. गेल्या आखातीजेला लक्ष्मणने फेटा घेतला नाही. गुळाचा खडा तळ्याच्या बांधावर ठेवला, नमस्कार केला आणि जनाबाईला घेऊन महूला निघून गेला. त्या खड्याला मुंग्या लागलेल्या कुमुदिनीने पाहिल्या. संध्याकाळपर्यंत तो संपला होता.

रोज तिला वाटे, आज सांगू. मग वाटे, आज आबांचा चेहरा बरा नाही. मग, आज बरा आहे, कशाला बिघडवू. असं वर्ष गेलं.

*

आखातीजेच्या आदल्या दिवशी ती महूला गेली. पिशवीत नवा फेटा, कागदाच्या पुडीत गूळ आणि रुमालात गुंडाळलेल्या डहाळ्या.

लक्ष्मण छावणीतल्या एका फौजी साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करत होता. बंगल्यामागे नोकरांच्या खोल्या होत्या. जनाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा ताटात घातली.

"सापडला का रस्ता?" ती म्हणाली. "साल लागलं."

"आबा गेले, जनाबाई."

"कळलं. यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही." तिने एक खडा उचलून बाहेर फेकला. "पण आले नाहीत. मी म्हणलं जा, मुखदर्शन तरी घ्या. म्हणले, कोणत्या तोंडाने?"

लक्ष्मण बागेच्या दुसऱ्या टोकाला गुलाबांना पाणी घालत होता. तो वाळला होता. कुमुदिनीला पाहून त्याने नळ बंद केला, दोन पावलं आला, परत फिरला, नळ पुन्हा आवळला. झाडाखालच्या बाकापर्यंत आला आणि पुन्हा मागे वळून बघत राहिला.

"गळत नाही हो," जनाबाई ओरडून म्हणाली. मग कुमुदिनीला, हळू आवाजात: "दिवसातून दहा वेळा. मेमसाब हसते. म्हणते, लछमन, नल भागेगा नहीं."

कुमुदिनीने पिशवीतून रुमाल बाहेर काढला.

लक्ष्मण जवळ आला. आबांबद्दल काही विचारलं नाही. "दिवाकरबाबा बरे आहेत?" म्हणाला.

"बरे आहेत. लक्ष्मणकाका, बाग ठेक्याने जायची आहे. उद्या पाणी सोडतील."

"उद्या?" त्याचा आवाज एकदम वर गेला. "उद्या कसं? ताण अर्धा..."

तिने रुमाल उघडला. त्याने डहाळ्या हातात घेतल्या, एकेक, जशी कोणी तान्ही बाळं बघावीत. एक खरवडली, नाकाशी नेली. दुसरी मोडली, मोडलेल्या जागी जीभ लावली.

"ही मुरमातली."

"हो."

"वरची दुसरी ओळ. ही अजून..." त्याच्या ओठांवर आकडा आला होता, तिला तो जवळजवळ दिसला. मग त्याने डहाळ्या रुमालात परत ठेवल्या आणि रुमालाची गाठ मारली. गाठ मारल्यावर ती ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

"मला नका विचारू, कुमुदबाई."

"तुमच्याशिवाय कोणाला विचारू?"

"माझा भरवसा नाही राहिला." तो हे रडून सांगत नव्हता, आज हवा गरम आहे असं म्हणावं तसं सांगत होता. "तीस साल त्या डाटाला हात लावला. ठोकला तेव्हा मला वाटलं पक्का बसला. आजही डोळे मिटले की दिसतं, पक्का बसलाय. हाताला आठवतंय की पक्का बसला. आणि बसलाच नव्हता. मग दुसरं जे जे मला वाटतं, ते तरी खरं कशावरून? मी सांगेन वीस दिवस आणि झाडं मरतील. रावसाहेब होते तेव्हा एकदा केलं. आता ते नाहीत, परत नाही करायचं."

जनाबाईचा हात तांदळात थांबला होता.

"तुम्ही आलात, चांगलं केलंत," लक्ष्मण म्हणाला. "चहा घेऊन जा. पाच वाजता मोटार आहे."

कुमुदिनीने गुळाची पुडी बाकावर ठेवली. तिच्या मनात येऊन गेलं की अजूनही दुसरं काही बोलता येईल. आबा शेवटी तुमची आठवण काढत होते, असं. ते खरंही होतं. त्यावर कदाचित तो आलाही असता, रडत, आणि रोज बांधावर जाऊन दहा वेळा डाट बघत राहिला असता, मरेपर्यंत. ती बाकावर बसली, उठली. रुमाल या हातातून त्या हातात घेतला.

लक्ष्मण पुन्हा नळाकडे निघाला होता.

"लक्ष्मणकाका, थांबा," ती म्हणाली. "तिकडे जाऊ नका. नळ बंद आहे."

तो थांबला.

"त्या दिवशी डाट पक्का बसला होता. तुम्ही ठोकला तो पक्काच ठोकला होता. पहारीने सुद्धा मला तो लवकर निघेना, तीन वेळा सटकली. मी काढला. पुस्तकात वाचून काढला, आणि पाण्याबरोबर खालपर्यंत चालत गेले. संध्याकाळी परत बसवायला गेले तर जमलं नाही, म्हणून तिरपा. आबांनी विचारलं तेव्हा मी वाचत बसले होते म्हणून सांगितलं. ते मी त्यांना सांगितलं नाही आणि आता सांगता येणार नाही. तुम्हाला सांगतेय. हात तुमचा चुकला नव्हता, लक्ष्मणकाका. मी खोटं बोलले."